तक्रार क्रमांक चौदा: गाडीत आवाज येतो

आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तो पाण्याच्या टाकीपाशी, वळणावर. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. मी गाडी थांबवली, खाली उतरलो, चारी चाकांकडे पाहिलं. चाकं होती. पुन्हा बसलो, निघालो, आणि दवाखान्याच्या उतारावर परत टक्, टक्.

गाडी म्हणजे आमच्या वसाहतीची बॅटरीची गाडी. वसाहत लांबलचक आहे. फाटकापासून शेवटच्या इमारतीपर्यंत जायला माझ्या वयाच्या माणसाला वीस मिनिटं लागतात, आणि राहणारे बहुतेक माझ्याच वयाचे. म्हणून समितीने ही गाडी घेतली. मुळात ती गोल्फ खेळणाऱ्यांसाठी बनवलेली आहे, कागदपत्रांवर तसंच लिहिलंय, गोल्फ कार्ट. आमच्यात गोल्फ खेळलेलं कोणी नाही. गोल्फच्या काठ्या ठेवायला मागे जी जागा आहे तिथे आम्ही काठ्याच ठेवतो, पण चालायच्या.

सकाळी आठ ते अकरा गाडी मी चालवायचो, हौसेने. दुपारनंतर सरका चालवायचा. सरका हा पगारी ड्रायव्हर. गाडीचा हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजतो, त्यामुळे तो हॉर्न न वाजवता तोंडाने "सरका, सरका" म्हणत जायचा, तेच नाव पडलं. त्याचं खरं नाव मला तक्रार लिहिताना सेक्रेटरीबाईंना विचारावं लागलं. चार वर्षं एकच गाडी दोघांनी चालवली आणि नाव विचारावं लागलं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

मागच्या सीटवर बसणारे मागे तोंड करून बसतात. पुढे दोनच जागा. एक चालवणाऱ्याची आणि एक बायकोची. म्हणजे नियमाने कोणाचीही, पण साडेतीन वर्षं रोज सकाळी तिथे माझी बायको बसायची. गुडघ्यांमुळे तिला पायी चालवत नसे, म्हणून ती माझ्याबरोबर फिरायला यायची, कधी कधी तीन-तीन फेऱ्या. तिला जाऊन सात महिने झाले. त्या सीटवर मी आता पिशवी ठेवतो. पिशवीत पाण्याची बाटली आणि छत्री असते. कोणी तिथे बसायला आलं तर पिशवी जड आहे, उचलवत नाही, असं सांगतो.

आवाज दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. जागा ठरलेल्या. टाकीचं वळण, दवाखान्याचा उतार, आणि बागेच्या कोपऱ्यावर ते पांढरं कुत्रं झोपलेलं असतं तिथे. यंत्राला जागा कशा कळतील, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

मी एकेकाला मुद्दाम गाडीत बसवून फेऱ्या मारायला लागलो. आमच्याकडे कोणाला अडचण सांगितली की तो आधी उपाय सांगतो आणि मग अडचण काय आहे ते विचारतो. अध्यक्ष जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गाडी नजरेनेच मोजली आणि ती डावीकडे दोन बोटं झुकल्याचं सांगितलं. शेजारच्या गृहस्थांनी आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलं. त्यांनी आवाज ऐकण्याआधीच तेल सांगितलं, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, फरक नाही पडला तर पुन्हा दाखवायला आणा. गाण्याच्या बाई डोळे मिटून बसल्या आणि फेरी संपल्यावर म्हणाल्या की मोटर जरा वरच्या पट्टीत लागलीय, पण सवय झाली की त्रास नाही. टक् मात्र कोणालाच ऐकू आला नाही. सगळे मागे बसून सारखे बोलत होते. बोलणाऱ्याला कुठे काही ऐकू येतं, असं मी मनात म्हणालो, आणि मला ते फार हुशारीचं वाटलं.

माझी मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण, तीन नंबरच्या इमारतीत राहते. तिने फेरी न मारताच विचारलं, "भावोजी, झोप लागते ना तुम्हाला?" मी म्हटलं, आवाज गाडीत आहे, माझ्यात नाही. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' अगदी तिच्या बहिणीसारखं आहे. त्याच्यापुढे बोलता येत नाही.

शेवटी गाडीच्या कंपनीला फोन केला. गाडी चालत नसेल तर एक दाबा, चार्ज होत नसेल तर दोन दाबा. चालते, चार्जही होते, पण टक् होतं, याला आकडा नव्हता. नऊ दाबल्यावर एक मुलगी मिळाली. तिने आवाज कसा आहे ते विचारलं. मी म्हटलं, टक्. ती म्हणाली, सर, जरा मोठ्याने करून दाखवाल का, म्हणजे मला प्रकार निवडता येईल. मी फाटकाच्या चौकीत उभा राहून टाळूला जीभ लावून टक्, टक् असं करून दाखवलं. तिने फोन वरिष्ठांना दिला. त्यांनाही दाखवलं. तिसऱ्यांदा करत असताना मागे पाहिलं, तर पहारेकरी, दूधवाला आणि पाच नंबरच्या इमारतीतल्या दोन आजी उभ्या होत्या, आणि एक आजी दुसरीला हळू आवाजात सांगत होती की घरात एकटं राहिलं की माणसाचं असं होतं.

कंपनीने आवाजाचा प्रकार 'इतर' असा लिहून घेतला. पुढे म्हणाले की वसाहतीने लेखी तक्रार दाखल केलेली असेल तरच मेकॅनिक येईल.

लेखी तक्रार म्हटल्यावर मला बरं वाटलं. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात काढली. तक्रार कशी मरते हे मला ठाऊक आहे. 'आवाज येतो' एवढंच लिहिलं तर ती फायलीत झोपते. तिच्यात कारण पाहिजे, कालावधी पाहिजे, आणि मुख्य म्हणजे एक माणूस पाहिजे. माणूस नसेल तर पत्र कोणाला पाठवणार? म्हणून मी लिहिलं की 'सकाळच्या पाळीत गाडी काळजीपूर्वक चालवली जाते. तथापि दुपारच्या पाळीत चालकाने गाडीवरून अवजड सामान नेल्यामुळे यंत्रणेत बिघाड होऊन आवाज उद्भवला आहे.' खाली चालकाचं खरं नाव दिलं. हे लिहिताना मला सरकाचा राग वगैरे अजिबात नव्हता. वाक्य पुरं व्हायला कोणीतरी हवं होतं. 'तथापि' लिहिल्यावर पुढे कोणाचं तरी नाव यावंच लागतं.

वसाहतीच्या तक्रारींचे नियमही मीच केलेले. निवृत्त झाल्यावर हाताला काम नव्हतं तेव्हा केले, एकूण अकरा. त्यातला चौथा असा, की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या कामापासून दूर राहावं. सेक्रेटरीबाईंनी माझ्या कागदावर क्रमांक चौदा टाकला, चौथा नियम वाचला आणि त्याच दुपारी सरकाला घरी बसवलं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी म्हणालो, दोन दिवसांचा प्रश्न आहे. दुपारची पाळीही मीच अंगावर घेतली. तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली आणि दुपारची गाडी बंद पडली. दवाखान्यातून परतणाऱ्या बायका उन्हात चालत जाताना माझ्या गॅलरीकडे मान वर करून बघायला लागल्या. मी गॅलरीत उभं राहणं सोडलं.

मेकॅनिक आला. पोरगेलासा नाही, चाळिशीचा, शांत माणूस. त्याने स्वतः गाडी चालवून पाहिली. आवाज नाही. मग मला चालवायला सांगितलं आणि पिशवी उचलून मागे ठेवत माझ्या शेजारी बसला. मी परीक्षेला बसल्यासारखी ताठ मानेने, एका दमात फेरी मारली. आवाज नाही. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत दुखायचं थांबतं, तसं झालं. तरी कागदावर 'इतर' लिहिलेलं असल्यामुळे काहीतरी करणं त्याला भाग होतं. त्याने सीटखालचं सगळं उघडलं, जे सैल होतं ते घट्ट केलं, जे घट्ट होतं ते सैल करून परत घट्ट केलं, माझी सही घेतली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर खुळखुळ, खुळखुळ. हा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मागे बसलेले बोलायचे थांबले. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं, कानाचे पक्के आहात. औषधवाल्यांनी तेल लावलं नसल्याबद्दल मला रागावून घेतलं. दोघं-तिघं सरकाबद्दल बोलले, की वरून साधा वाटतो, पण गाडीचं वाटोळं केलं.

आता, हा माझा आवाज नव्हता. माझा टक् वेगळा, आणि तो खुळखुळीच्या आतून अजून येतच होता. शिवाय खुळखुळ मेकॅनिक येऊन गेल्यानंतरची होती. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण तीन आठवडे माझ्याकडे लोक दयेने बघत होते आणि आता मानाने बघत होते. मी काही बोललो नाही. फेरी संपवून गाडी शेडमध्ये लावली, सीट उचलली, आणि आत मेकॅनिकचा लहान पाना पडलेला दिसला. मी तो काढून खिशात घातला. घरी येऊन टेबलाच्या खणात ठेवला. दोन दिवस तो तिथेच होता. लोकांनी विचारलं की खुळखुळ थांबली कशी, तर मी म्हणालो, थोडं बघितलं मी. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या 'थोडं बघितलं मी'ची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरका घरी आला. चपला बाहेर काढल्या, आत आला, बस म्हटलं तर बसला नाही. म्हणाला की कागद बाईंनी त्याला वाचून दाखवला.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. टोमणा नव्हता. "काका, त्यात अवजड सामान लिहिलंय. मी आठवून आठवून बघितलं. चार वर्षांत एकदाच नेलं. काकूंचं कपाट. तुमच्या मेव्हणींकडे पोचवलं होतं. मागून तुम्हीच धरलं होतं."

आम्ही दोघांनीही भिंतीकडे पाहिलं. कपाट होतं तिथे भिंतीचा रंग अजून नवा आहे, कपाटाच्या मापाचा.

मला ते आठवत नव्हतं असं मी म्हणू शकतो. पण वाक्य लिहिताना 'अवजड सामान' हे शब्द कुठून आले असतील? काहीतरी आठवल्याशिवाय आले नसतील.

"दुसरीकडे काम बघू का, तेवढं सांगा," सरका म्हणाला. "आई घरी आहे, तिला रोज काहीतरी सांगावं लागतं."

"थांब," मी म्हणालो.

"म्हणजे होईल का काही?"

मी पुन्हा थांब म्हणालो. तो मान हलवून गेला. जाताना दार हळू ओढून घेतलं, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्रार मागे घ्यायला सेक्रेटरीबाईंकडे गेलो. बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. समोरच्याला त्या अजूनही वर्गाबाहेर उभं केल्यासारखं ऐकतात. त्यांनी फाइल काढली आणि सातवा नियम वाचला. लेखी तक्रार चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही कारणाने मागे घेता येणार नाही. हा नियम मी फार विचार करून घातला होता. आमच्याकडे लोक तावातावाने तक्रार करतात आणि एकत्र चहा झाला की जाऊ द्या म्हणतात, त्यांना धडा मिळावा म्हणून.

"कोणत्याही कारणाने, असं आहे," बाई म्हणाल्या. "तुमचेच शब्द."

मी सांगितलं की सामान माझ्याच घरचं होतं. त्या म्हणाल्या, लिहून घेऊ? मी म्हटलं, घ्या. मग खिशातून पाना काढून टेबलावर ठेवला आणि तो कुठे सापडला, कधी सापडला, तेही सांगितलं. बाईंनी पाना बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, ही वेगळी तक्रार होईल, पंधरा नंबर. तुमच्याविरुद्ध. करायची आहे का? मी म्हटलं, नको. तरी मूळ प्रश्न राहतोच, त्या म्हणाल्या. आवाजाचं कारण सापडल्याशिवाय चौकशी पूर्ण होत नाही, आणि चौकशी पूर्ण झाल्याशिवाय सरका कामावर येत नाही. मेकॅनिकला परत बोलावता येईल, पण त्याला आवाज ऐकायला मिळाला पाहिजे. तो आला की आवाज येत नाही.

म्हणून आवाज टिपून ठेवायचं ठरलं. रविवारी सकाळी मी एकटा गाडी घेऊन निघालो. शेजारच्या सीटवर पिशवी, पिशवीवर माझा फोन, रेकॉर्डिंग चालू. पूर्ण फेरी मारली, अकरा मिनिटं. टाकीपाशी टक्, उतारावर टक् टक्, कुत्र्यापाशी टक्. इतका आनंद मला त्या आवाजाचा कधी झाला नव्हता.

ते रेकॉर्डिंग मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण पुराव्याला मध्ये कोणी हात लावू नये, असं आठव्या नियमात आहे. मी फोन बंद केला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, चिकटवलेल्या जागेवर सही केली आणि बाईंच्या हवाली केलं. सभा बुधवारी. फोन पाकिटात आहे हे माझ्या मुलीला कळवायचं राहिलं. तिने परगावाहून दोन दिवस फोन लावला. मग मावशीला लावला. मंगळवारी दुपारी मी अंघोळ करत असताना मेव्हणी पहारेकऱ्याला आणि सुताराला घेऊन आली. सुताराने कुलपाला हात घालायच्या बेतात असताना मी टॉवेल गुंडाळून दार उघडलं. मेव्हणी खाली बसली आणि रडायला लागली. सुताराला काय करावं कळेना, त्याने बिजागरीला तेल घालून दिलं.

बुधवारी सभा भरली. एरवी सभेला नऊ माणसं येतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, कारण दुपारची गाडी बंद होती आणि ती कोणामुळे बंद आहे ते बघायचं होतं. मेकॅनिक पहिल्या रांगेत. त्याचा पाना त्याच्यासमोर टेबलावर, तो त्याकडे बघत नव्हता. सरका दाराशी उभा. बाईंनी पाकिटावरची सही सगळ्यांना दाखवली, पाकीट फोडलं, फोन सुरू करून लाउडस्पीकरच्या माइकपाशी धरला.

आधी चाकांचा आवाज आला. मग वारा. मग माझा आवाज आला.

"अगं हो, दिसलं वळण."

टक्. टक्.

सभेत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, फोनमध्ये जुनं काहीतरी लागलं.

"हळूच चाललोय. याहून हळू गेलो तर लोक ढकलायला येतील."

टक्. जरा वेळाने टक्.

"दूधवाल्याला सांगितलंय. नाही विसरलो. बरं. बरं म्हटलं ना."

टक् टक्.

मी उठलो आणि बंद करा म्हणालो. बाईंनी फोनकडे हात नेला, पण औषधवाले नियमाचे पक्के. नवव्या नियमात आहे, ते म्हणाले, पुरावा अर्धवट ऐकला जाणार नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तोही माझाच नियम. अकरा मिनिटं मी उभा होतो. बसायचंही सुचलं नाही. त्या अकरा मिनिटांत मी कुत्र्याबद्दल बोललो, मेव्हणीच्या रक्तदाबाबद्दल बोललो, छत्री घेतलीय म्हणून दोनदा सांगितलं. प्रत्येक वेळी मध्ये थोडी जागा सोडून बोलत होतो, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी. मी बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो, ठाऊक नव्हतं. चाळीस-पन्नास माणसं खाली मान घालून बसली होती. फक्त गाण्याच्या बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

संपल्यावर मेकॅनिकने घसा साफ केला. तो माझ्याकडे न बघता पान्याकडे बघून बोलत होता. म्हणाला, या गाडीत सीटखाली एक स्विच असतो. पाय दाबला की तो मिटतो, पाय उचलला की उघडतो, आणि दोन्ही वेळा टक् होतं. बिघाड नाही तो, तसाच बनवलेला असतो. पाय एकसारखा दाबून चालवलं तर मध्ये कुठे वाजत नाही. "काका 'बरं' म्हणतात ना," तो म्हणाला, "तेव्हा पाय उचलतात."

अध्यक्षांनी विचारलं की मग गेल्या चार वर्षांत हा आवाज कसा आला नाही.

"येत होता," दारातून सरका म्हणाला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तो जरा लाजला, पण बोलला. "पहिल्यापासून येतो. काकू शेजारी बसायच्या तेव्हाही यायचा. वळण आलं की काकू हळू म्हणायच्या, काका पाय उचलायचे. मी शेडपाशी उभा असायचो, मला ऐकू यायचं. काकांना नसेल येत. काकू बोलत असायच्या सारख्या."

मेव्हणी उठून बाहेर गेली.

तक्रार क्रमांक चौदाचा निकाल बाईंनी तिथेच लिहिला आणि वाचून दाखवला. गाडीत दोष नाही. आवाजाचे कारण, सकाळच्या पाळीचा चालक. सबब सकाळची पाळीही दुपारच्या चालकाकडे सोपवण्यात यावी. चार ओळींत बसवला होता. मी लिहिला असता तर पान लागलं असतं, आणि त्यात कुठेतरी 'तथापि' आला असता.

सभा संपल्यावर लोक माझ्याशी फार चांगलं वागले. ते सोसत नव्हतं. मी सरकाला गाठलं आणि माफ कर म्हणालो. त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "मला म्हणालात ते ठीक आहे काका. आईला येऊन सांगा. तिला वाटतंय मी गाडी मोडली."

गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वसाहतीच्या मागच्या गल्लीत, एकाला एक लागून घरं. आई दारातच पाटावर बसली होती. मी हात जोडून सांगितलं की तुमच्या मुलाने गाडी मोडली नाही.

"काय?" आई म्हणाली.

सरका आतून म्हणाला, "मोठ्याने बोला काका. तिला कमी येतं ऐकू."

मी आवाज चढवला. तिने कानामागे हात धरला. मी आणखी चढवला. समोरच्या खिडकीत एक बाई आली. गल्लीत क्रिकेट खेळणारे थांबले. शेवटी मी एकेक शब्द तोडून, नळावर पाणी भरणाऱ्यांनाही ऐकू जाईल असा ओरडलो, "तुमच्या मुलाची काही चूक नाही! आवाज मी करत होतो!"

म्हातारीने माझ्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मग करू नका," ती म्हणाली, आणि सरकाला चहा ठेवायला सांगितलं.

त्यानंतर दहा-बारा दिवस मी गाडीच्या वाटेला गेलो नाही. दवाखान्यात चालत गेलो, चालत आलो. सरका आता सकाळपासून गाडी चालवतो. परवा मी टाकीच्या अलीकडे कठड्यावर टेकलो होतो, कंबर धरली होती. गाडी येऊन थांबली. मागच्या सीट भरलेल्या होत्या. पुढची रिकामी होती.

"बसा," सरका म्हणाला.

चार वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. तिथून रस्ता वेगळाच दिसतो. टाकीची भिंत एकदम अंगावर येते, आणि हातात चाक नसल्यामुळे जीव पायात उतरतो. ती रोज का बोलायची ते मला पहिल्या पन्नास पावलांत कळलं. मी सरकाला सांगितलं की पुढे वळण आहे. तो म्हणाला, दिसतंय. मी म्हटलं, दिसतंय तर मग जरा हळू घे, भिंतीजवळून घेऊ नकोस, समोरून सायकल येतेय, तिकडे बघ, हळू, अरे हळू.

त्याने पाय उचलला, वळण घेतलं, पुन्हा पाय दाबला. गाडी सरळ रस्त्याला लागली.

जरा वेळाने तो म्हणाला, "वाजलं बघा आता."

"कुठे? मला नाही ऐकू आलं."

"कसं येणार," सरका म्हणाला. "बोलत होता तुम्ही."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. पुढे दवाखान्याचा उतार दिसत होता. मी त्याला सांगितलं की उतार आहे.